चिखलात वही कुणाच्या हातात?

पर्यावरणशास्त्राच्या वर्गात कोण रमलाय आणि कोण नुसता हजेरीपुरता आहे, हे वर्गात बसून कळत नाही. ऐरोलीच्या खाडीकाठी कळतं. खारफुटीची झाडं मोजायला चौघांचा गट चिखलात उतरला की पाच मिनिटांत वाटणी होते: इंग्रजी माध्यमातून आलेल्याकडे वही, बाकीच्यांकडे दोरी आणि खुंट्या. वही ज्याच्या हातात, पुढे सादरीकरणही त्याचंच. दोन वर्षं हेच चाललं की दोरीवाल्याला वाटायला लागतं, हा विषय आपला नव्हेच.

उपाय फुकटचा आहे. १० बाय १० मीटरचा एक चौकोन संपला की कामं फिरवायची: वही, टेप, दोरी, झाडांची ओळख. चार चौकोनांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम येतं. मोजणीआधी कर्ण १४.१४ मीटर भरतो का ते बघा. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या, चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांत दोरी अडकते आणि चौकोन हमखास तिरका होतो.

तक्त्यावर नुसतं ‘जीबीएच’ छापू नका. ‘खोडाचा घेर, सेंमी, १.३ मीटर उंचीवर’ असं लिहा. घेरालाच व्यास समजलं, तर ३१.४ सेंमी घेराचं, म्हणजे १० सेंमी व्यासाचं झाड कागदावर तिपटीहून जाड होतं आणि बुंध्याचं क्षेत्रफळ जवळपास दहापट. रकाना न कळलेला मुलगा चारचौघांत विचारत नाही. चूक थेट अहवालात सापडते, तीही त्याच्या नावावर.

ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पेन्सिलीसारखी बारीक मुळं तिवराची आणि जाड, निमुळते खुंट चिप्पी या दुसऱ्या खारफुटीचे, हे बऱ्याचदा सांगतो तो दोरीवालाच. म्हणून झाडाच्या नावाचे दोन रकाने ठेवा: एक शास्त्रीय नावाचा, एक गावातल्या नावाचा.

भेटीची तारीख काढताना भरतीचं कोष्टक उघडण्याआधी वर्गाला विचारा. कोळीवाड्यातल्या कुणाला तरी तिथीची पाऊणपट ठाऊक असते: अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराला. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोचतं, तेवढं कोष्टकाशी ताडून घ्या. शिवाय अष्टमीचं पाणी भांगाचं, उधाणासारखं चढत नाही, नवख्यांना बरं. हे गणित फळ्यावर मांडा आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा का येते, ते त्यातूनच शिकवा. मात्र त्याच मुलाला उठवून ‘तुमच्या लोकांना काय वाटतं?’ असं विचारू नका. तो शिकायला आलाय, प्रवक्ता म्हणून नाही.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत उतरायचं तर वनविभागाची परवानगी आधीच घ्या. सूचनेत स्वच्छतागृह कुठे आहे तेही लिहा, नाहीतर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि बाराच्या उन्हात चक्कर येते. गमबूट नकोत, खोल चिखलात पाय निघतो, बूट राहतो. नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट उत्तम. वेगवेगळ्या मापांचे दहा-बारा जोड विभागाच्या कपाटात असू द्या. मग घरी दुसरा जोड नसलेला मुलगा त्या दिवशी ‘आजारी’ पडत नाही.