प्रार्थनेचा उरलेला अर्धा

वाळूज सोडलं तेव्हा अंधार होता. पुढे टेम्पो, त्यावर निळ्या-पांढऱ्या पताका, मतमाउलीचा, म्हणजे मारिया मातेचा, फोटो आणि कर्णा. लिंबेजळगाव येईपर्यंत एकच भजन चार वेळा वाजलं. डोकं उठलं.

मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला पायी दरवर्षी आई जाते. यंदा तिचे गुडघे चालेनात, म्हणून तिच्या जागी मी. तिची जपमाळ माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेली. 2021च्या एप्रिलपासून मी चर्चची पायरी चढले नव्हते. बाबा कोविडमध्ये गेले. मी नर्स. त्या रात्री मी दुसऱ्या कुणाच्या बाबांच्या उशाशी ड्यूटीवर होते आणि माझे बाबा एकटे गेले. मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर, असं नमो मरिया या प्रार्थनेच्या शेवटी आपण मारिया मातेला म्हणतो ना, ते शब्द तेव्हापासून माझ्या तोंडून निघत नव्हते. लहानपणापासून रोज मागितलं, आणि नेमक्या वेळी उशाशी कोणी नाही.

रोझरीत जपमाळेवर हीच प्रार्थना पुन्हा पुन्हा येते. पुढे असलेला पहिला अर्धा म्हणतो, बाकीचे दुसरा. मी त्या दुसऱ्या अर्ध्यात गप्प. एवढ्या आवाजांत एक कमी पडला तर कुणाला कळतं?

एका काकांना मात्र कळलं असावं. "कोणत्या धर्मग्रामाची, कोणत्या चर्चची गं तू? मिस्साला, रविवारच्या उपासनेला दिसत नाहीस." दोन दिवसांत तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही.

कायगावच्या पुलाखाली गोदावरी गढूळ, दोन्ही काठ भरून. प्रवरासंगम कधी मागे पडलं कळलं नाही. नेवाशात काही जण ज्ञानेश्वरांचा पैसाचा खांब बघून आले. मी पाय उंच करून पडून होते.

टाकळीभानच्या अलीकडे, शुक्रवारी दुपारी, उजव्या टाचेचा फोड इतका ठणकायला लागला की मी रस्त्याकडेला बसलेच. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कांद्याची चाळ. दिंडी पुढे गेली. चाळीतून एक म्हातारी आली. गळ्यात तुळशीची माळ, हातात विळा. माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "चप्पल काढ पोरी." मी काढली. ती आत गेली, परत आली ती सुई, पांढरा दोरा आणि हळद घेऊन. सुई काडेपेटीच्या जाळावर धरली. फोडाच्या एका कडेतून घातली, दुसऱ्या कडेतून काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "ओढायचा नाही. पाणी दोऱ्यावाटे आपलं आपण जातं. आमच्या वारीत असंच करत्यात." मी रोज ड्रेसिंग करणारी बाई, आणि तिच्यापुढे पाय पसरून लहान मुलीसारखी रडले. तिने कारण विचारलं नाही. कुठून आलीस, कोणाचा देव, काही नाही. चुलीवरची गरम भाकरी आणि लसणाची चटणी हातावर ठेवली. "आधी खा."

चुलीतले निखारे बघताना येशूचा शिष्य पेत्र आठवला. विस्तवाशी शेकत बसून त्याने प्रभूला तीन वेळा नाकारलं होतं. मग तो परत मासे धरायला गेला. किनाऱ्यावर प्रभूने निखारे पेटवून ठेवले होते, वर मासळी, शेजारी भाकर. 153 मासे ओढत आलेल्या त्या माणसाला पहिला शब्द कोणता, तर या, न्याहारी करा. माझ्यावर प्रीती करतोस का, हा प्रश्न नंतर. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल! त्या दुपारी भाकरी तोंडात असताना ती मला पहिल्यांदा पोचली.

उठले तर चाळीबाहेर दिंडीतल्या एक मावशी उभ्या. माझ्यासाठी मागे फिरल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, माझ्या चालीने चालायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी माळ काढली. शुक्रवार, म्हणजे दुःखाची रहस्यं, माळ म्हणताना मनात आणायचे प्रभूच्या दुःखाचे प्रसंग. पहिलं गेथशेमनी बागेतलं. मित्र झोपलेले, आणि प्रभू घामाघूम, एकटा.

मला बाबांचा बेड दिसला. पहिल्यांदाच त्या बेडशेजारी तोही दिसला, जागा.

मावशींनी पहिला अर्धा म्हटला आणि थांबल्या. कर्णा लांब गेलेला. उसातून वारा. उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्या थांबूनच राहिल्या, घाई केली नाही. मी म्हटलं. आवाज फाटला, पण शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हरेगावात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांची मेणबत्ती लावली, आईला फोन केला, तिने पायाचं विचारलं. मग पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिले. पुढे अकरा जण. टाचेतला दोरा मोज्याला अडकत होता. कुणीतरी खुर्ची पुढे केली, पण मी बसले नाही. रांगेतली जागा गेली असती.