आज देव दोनदा दिसला

पहाटे अंगणात गेले, तर रोपाच्या दोन फांद्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं. धाग्याधाग्यावर दव. सूर्य वर आला तसा एकेक थेंब पेटत गेला. सूर्यापासून निघून सुमारे ८ मिनिटांचा प्रवास करून आलेला तो उजेड, आणि उतरला कुठे, तर एवढ्याशा थेंबात! हात आपोआप जोडले गेले. निसर्गात देव मला नेहमीच सापडतो.

माणसांत मी त्याला फारसं शोधलंच नव्हतं.

दुपारी बाबांना तपासणीसाठी नेलं होतं. निघताना त्यांना चप्पल घालता येईना आणि माझे दोन्ही हात अडकलेले. शेजारी बसलेल्या एक ताई उठल्या, सरळ जमिनीवर बसल्या. बाबांचा सुजलेला पाय तळहातावर घेतला, अलगद चपलेत सरकवला, अंगठा नीट आत गेला ना तेही बघितलं. त्यांचं स्वतःचं माणूस तेव्हा आत ऑपरेशनला होतं, हे नंतर कळलं.

"देव तुझं भलं करो, पोरी," बाबा म्हणाले. त्या नुसत्या हसल्या.

नाव विचारायचं राहूनच गेलं. आत्ता डोळे मिटले की ते जाळं दिसतं, आणि बाबांच्या पायाखालचा तो तळहात.