वीट-क्लॅडिंग: विटेआधी मागची भिंत बघा

वीट-क्लॅडिंग म्हणजे भिंतीला विटेचं रूप देण्यासाठी तिच्यावर पातळ वीट-टाइल चिकटवणं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बाहेरच्या भिंतीवर लावलेली अशी टाइल निखळते, तेव्हा दोष बहुतेक वेळा टाइलचा नसतो, मागच्या भिंतीचा आणि तिच्यात शिरलेल्या पाण्याचा असतो. इथला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि तासन्‌तास भिंतीवर आपटतो. पातळ वीट पाणी अडवत नाही, उलट शोषून धरते. त्यामुळे 'गळणाऱ्या भिंतीवर क्लॅडिंग करू, गळती थांबेल' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आधी गळती थांबवा, मग सजावट.

हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येतो तिथलं प्लॅस्टर सुटलेलं आहे, तेवढं पाडून नवीन करायचं. रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून काढायला हवी. ॲढेसिव्ह पुट्टीला घट्ट चिकटतं, पण पुट्टीच भिंतीला सोडते, आणि टाइल पुट्टीच्या पापुद्र्यासकट हातात येते. नवं प्लॅस्टर असेल तर २८ दिवस थांबा. वॉटरप्रूफिंग सिमेंट-पॉलिमरचं घ्या, दोन हात. डांबरी किंवा गुळगुळीत चकचकीत कोटिंगवर ॲढेसिव्ह धरत नाही.

आता हिशेब. ९ × ३ इंची (२३० × ७५ मिमी) टाइल आणि १० मिमी दर्जा, म्हणजे दोन टाइलमधली फट, धरला तर चौरस मीटरला सुमारे ४९ टाइल लागतात, म्हणजे चौरस फुटाला साडेचारच्या आसपास. दर्जा न धरता हाच आकडा ५.४ होतो. दुकानदाराचा चौरस फूट यातला कोणता, हे विचारूनच ऑर्डर द्या. १० × ९ फुटांच्या भिंतीला दर्जासह साधारण ४१० टाइल, तुटफूट धरून ४५०. ॲढेसिव्हच्या २० किलोच्या तीन गोण्या पुरतात. बाहेरच्या कामाला पॉलिमरयुक्त, लवचीक ॲढेसिव्हच घ्या, साधं सिमेंट-वाळूचं मिश्रण नको. कोपऱ्यासाठी एल आकाराच्या टाइल मिळतात. त्या घेतल्या नाहीत तर कोपऱ्यावर कापलेली कड दिसते आणि अख्खी भिंत खोटी वाटते.

थरांची आखणी काम सुरू करण्याआधीच करा. ९ फूट म्हणजे २७४३ मिमी, एक थर ८५ मिमीचा. ३२ थर बसून वर २३ मिमी उरतात, तिथे विटेची चिंधी लावण्यापेक्षा प्रत्येक दर्जा पाऊण मिलिमीटरने वाढवा. तीन-चार खोक्यांतल्या टाइल एकत्र मिसळून लावा, नाहीतर रंगाचे ठिगळ दिसतात. खाली लेव्हलमध्ये पट्टी ठोकून पहिला थर तिच्यावर घ्या, सांधेमोड सांभाळा, म्हणजे खालच्या-वरच्या थरांचे उभे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. टाइलच्या मागची धूळ ओल्या फडक्याने पुसा. भिंतीवर दातेरी थापीने आणि टाइलच्या पाठीवर पातळ असं दोन्हीकडे ॲढेसिव्ह लावायचं. मध्ये पोकळी राहिली की पाणी तिथेच साठतं. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मेच्या उन्हात ॲढेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते, म्हणून एका वेळी चार-पाच चौरस फुटांपेक्षा जास्त पसरू नका. बाहेरच्या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

दर्जा भरताना गवंडी घाई करतात आणि विटांच्या तोंडावर सिमेंट फासतात. ते पुढे निघत नाही. ॲसिडने धुण्याचा मोह टाळा, त्याने दर्जा खाल्ला जातो आणि विटेत क्षार उरतात. केकवर क्रीम काढायची असते तसल्या पिशवीतून माल भरा, अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका आवळला की गोल सळईने आत दाबून घ्या. खोल खाचेच्या दर्जावर पाणी थांबतं, आत वळलेल्या गोल दर्जावरून ते ओघळून जातं. वाळू धुतलेली घ्या. खारट वाळूने विटेवर पांढरा लोणा येतो. आला तर कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने नाही.

शेवटी सिलेन-सिलोक्सेनचं (विटेत मुरून पाणी झटकणारं) सीलर, भिंत पूर्ण सुकल्यावर. चकचकीत लॅकर नको, आतली ओल कोंडून ते पांढुरकं पडतं. प्रत्येक स्लॅबच्या पातळीवर आणि आडवं दर तीन मीटरला दर्जाऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) हे लवचीक सीलंट भरा. काँक्रीट आणि ब्लॉक यांच्या हालचालीत फरक असतो, ती हालचाल तिथेच सोसली जाते. भिंतीचा वरचा काठ कोपिंगने, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या टोपीसारख्या थराने, झाकलेला हवाच.

घराच्या आत हौसेला मोकळीक आहे. पण चिकटवायची फोमची वीट-शीट बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला लावू नका. पावसाळ्यात मागे बुरशी धरते आणि महिनोन्‌महिने दिसत नाही. पीओपीच्या विटा कोरड्या भिंतीपुरत्या ठीक. आम्ही त्यापेक्षा टेपची पद्धत सुचवू: दर्जाच्या रंगाचा बेस सुकल्यावर १० मिमी टेपने विटा आखा, वर टेक्स्चर मारा, आणि ते ओलं असतानाच टेप ओढा. सुकल्यावर ओढली तर कडा तुटतात.

फ्लॅटवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बाहेरची भिंत सोसायटीच्या ताब्यातली असते, आणि १५ मिमीची माती-टाइल ॲढेसिव्हसकट चौरस मीटरला ३० किलोच्या वर जाते. वरच्या मजल्यावरून तिचा एक तुकडासुद्धा खाली कोणाचा जीव घेऊ शकतो. लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय बाहेर एकही टाइल लावू नका.