आमची वाटचाल : पाइप जातो कुठून?

वाळूज एमआयडीसीत आमचं वर्कशॉप सुरू झालं ते एका क्रिम्पिंग मशीनवर, म्हणजे होस पाइपच्या टोकाला फिटिंग दाबून बसवणाऱ्या मशीनवर. १९८५ मध्ये इथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आधाराने लहानमोठी वर्कशॉप्स उभी राहिली. आम्ही त्या रांगेतले बरेच उशिराचे. जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणीचं हार्वेस्टर, कशाचाही होस पाइप फुटला की लोक यायचे. जुना काउंटरवर टाकायचा, तसाच नवा घेऊन जायचा. लांबी किती, फिटिंग कोणती, एवढंच आम्ही विचारायचो.

मानवतच्या एका गाडीने ही सवय मोडली.

तिथले एक जिनिंगवाले शेठ. सुटे भाग जमवून त्यांनी दोन सीटची उघडी गाडी स्वतः जोडली होती. ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन ही गाडी १९५७ पासून अशी सुट्या भागांत विकायचे, कारण तयार गाडीवरचा खरेदीकर त्यात वाचायचा. शेठची हौस त्याच जातीची. चिंचोळं फायबरचं बॉनेट, आत चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जेमतेम मावलेलं. क्लचचा पाइप आमच्याकडून नेला. आम्ही रॅकवरचा नेहमीचा हायड्रॉलिक होस कापून दिला, आणि ती आमची चूक होती. तो होस खनिज तेलासाठीचा, आतून नायट्राइल रबर, मर्यादा १०० अंशांची. क्लचमध्ये असतं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल. त्याने नायट्राइल फुगतं, मऊ पडतं.

मे महिन्यात फोन आला. "दादा, गाडी गार असली की पेडल एकदम टाइट. आवारात फिरवून चहा प्यायला थांबलो अन् परत बसलो, की पेडल थेट खाली जातंय."

दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे मेस्त्री मानवतला गेलो. हंगाम संपलेला, जिनिंगचं आवार मोकळं, ऊन भाजून काढणारं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, आणि या इंजिनाचा एक्झॉस्टही उजवीकडेच. आमचा पाइप मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून, दोन बोटांवरून गेलेला. मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब पाइपला बांधला आणि बघत बसलो. इंजिन चालू होतं तोवर आकडा आवाक्यात होता. बंद केलं, पंखा थांबला, बॉनेटखालची हवा कोंडली, आणि आकडा चढतच गेला. तापलेलं लोखंड पाइप भाजत राहिलं. आतलं ब्रेक ऑइल डॉट ३ प्रतीचं, तेही जुन्या उघड्या डब्यातलं. ताजं असेल तर ते २०५ अंशांच्या पुढे उकळतं. हवेतलं पाणी शोषलं की हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली.

आधी पाइपवर उष्णतारोधक चंदेरी स्लीव्ह चढवली. पेडल बसायला थोडा जास्त वेळ लागला, पण बसलंच. स्लीव्ह उष्णता उशिरा आत येऊ देते, अडवत नाही. मग मेस्त्री म्हणाले, "साहेब, पाइपच हलवू." तांबे-निकेलचा ४.७६ मिलिमीटरचा पाइप फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्याला धरून, चॅसिसच्या खालच्या नळीलगत, क्लिपा लावत नेला. इंजिन हलतं, म्हणून शेवटी आखूड, स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होस. मॅनिफोल्डच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा, बोटभर अंतर सोडून, दोन्हीकडून हवा खेळेल असा. ऑइल नवं डॉट ४, सगळी एअर काढून. बॉनेटला झरोके रेडिएटरच्या लगेच मागे पाडले. काचेजवळ पाडले असते तर तिथल्या दाबाने हवा उलटी आत शिरली असती.

शेठना मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळून हवी होती. मी नको म्हणालो. पट्टीत ओल धरते आणि साध्या स्टीलचा मॅनिफोल्ड पट्टीखाली गंजतो. त्या संध्याकाळी तीनदा चहा झाला, तिन्ही वेळा पेडल टाइट. पैसे फक्त नव्या मालाचे घेतले.

आता ऑर्डर घेताना आम्ही मशीनचा फोटो मागतो. तेल कोणतं, शेजारी काय तापतं, हेही विचारतो. काही गिऱ्हाइकं कंटाळतात, शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

एका हार्वेस्टरवाल्याचा टर्बोजवळचा पाइप दर हंगामात जळायचा. दोन क्लॅम्प लावून तो वीतभर बाजूला घेतला. त्या जागेचा पाइप त्यांनी अजून मागितलेला नाही.