शिक्षेबद्दल काही म्हणणे आहे का?

स्मरणिकेसाठी ‘शाळेची एखादी गोड आठवण’ लिहून द्या, असा निरोप आला. गोड आठवणी बाकीचे लिहितीलच. मी फौजदारी वकील आहे. साताऱ्याच्या कोर्टात दिवसभर ‘शिक्षा’ हा शब्द कानावर पडतो, आणि त्याची ओळख मला आपल्या शाळेच्या कौलारू वर्गांत झाली. म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

कोर्ट शिक्षा सुनावतं, आरोपी ती भोगतो. शाळेत मात्र शिक्षा नुसती ‘व्हायची’, वळवाचा पाऊस व्हावा तशी. ‘आज शिक्षा झाली’ एवढंच. कुणी केली, कशाबद्दल केली, हे सांगायची पद्धत नव्हती. घरी तर अवाक्षर काढायचं नाही. कारण घरी कळलं की तीच केस पहिल्यापासून चालायची, आणि तिथे अपील नव्हतं.

शिक्षा आणि मार यांत आम्ही फरक करायचो. अंगठे धरणं, ओणवं होणं, कोंबडा, बाकावर उभं राहणं, ही झाली शिक्षा. छडी पडली की ‘हाणलं’, ‘बडवलं’, आणि अगदीच जास्त झालं तर ‘सोलून काढलं’. शिक्षक स्वतः यातला एकही शब्द वापरत नसत. त्यांच्याकडे प्रसाद मिळायचा, धम्मकलाडू आणि चापटपोळी मिळायची. सगळा मेनू पंगतीचा! शिवाय चौदावं रत्न होतंच. लग्नात ‘लक्ष्मीः कौस्तुभपारिजातकसुरा’ हा श्लोक म्हणतात, त्यात समुद्रमंथनातली चौदा रत्नं मोजलेली आहेत आणि शेवटचं आहे अमृत. मराठीत मात्र चौदावं रत्न म्हणजे मार. माझ्या मुंजीत भटजींनी ‘चौदा रत्नं’ म्हटल्यावर मी दचकलो होतो, असं आई सांगते.

छडी आणायला ज्याला ती खायची त्यालाच पाठवत. विहिरीमागे निरगुडीचं बेट होतं. तिथली फोक तोडायची, पानं ओरबाडून काढायची आणि सरांच्या हातात द्यायची. बारीक आणली तर ‘ही कसली, दुसरी आण’, आणि जाड आणली तर आपलाच हात. वर्गात परत येईपर्यंत तळवे एकमेकांवर घासून ऊन करायचे. थंडीच्या दिवसांत त्याचा खरंच फायदा व्हायचा, कारण गारठलेल्या हातावर वळ फार झोंबतो. संध्याकाळी आमची आजी सुजलेल्या हाताला त्याच निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. काय झालं म्हणून तिने कधी विचारलं नाही. पाला कुठून आणलास, हे मात्र विचारायची.

साताऱ्यात ‘शिक्षण’ हा शब्द जागोजागी पाट्यांवर दिसतो. कर्मवीरांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावात निघाली आणि १९२४ पासून तिचं ठाणं साताऱ्यात आहे. या शिक्षणाची सख्खी बहीण शिक्षा कोणत्याच पाटीवर नाही. त्या दोघी बहिणी आहेत हे आम्हाला संस्कृतच्या सरांनी सांगितलं. ‘शिक्ष’ या धातूचा अर्थच मुळी विद्या मिळवणं. सहा वेदांगांतलं पहिलं वेदांग शिक्षा, आणि ते उच्चारांचं शास्त्र. हे सर छडी वापरत नसत. ‘श’ आणि ‘ष’ची गल्लत करणाऱ्याला उभं करायचे आणि जीभ टाळूला कुठे लागते ते नीट जमेपर्यंत म्हणवून घ्यायचे. ‘ही शिक्षा, बाकीचे सगळे हातवारे,’ असं म्हणायचे. आज युक्तिवादात माझा ‘षड्यंत्र’ कधी घसरत नाही, तो त्यांच्यामुळे.

आता एक कडू गोष्ट. शाळांच्या स्मरणिका चाळल्या की ‘सरांनी मारलं म्हणून घडलो’ हे वाक्य हमखास भेटतं. मला ते पटत नाही. हे लिहिणारे सगळे शाळेत टिकलेले असतात. आमच्या वर्गातून आठवीतच दप्तर टाकून जे गेले, त्यांना स्मरणिकेचा निरोप जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी घातली. तो कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. आमच्या पिढीला तो बराच उशिरा आला, एवढंच.

हेडसरांची मैदानातले खडे वेचायची शिक्षा मात्र मी आजही मान्य करीन. १ जुलै २०२४ पासून, जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली. तेव्हा कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये मी म्हटलंच, ‘हे आमच्याकडे जुनं आहे.’

पण कोर्टात एक रीत आहे, जी शाळेत नव्हती. गुन्हा शाबीत झाला तरी जज्जसाहेब लगेच शिक्षा सुनावत नाहीत. आधी आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काही म्हणणं आहे का? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे २३५ वं कलम होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत २५८ वं आहे. शाळेत हा प्रश्न मी एकदाच ऐकला. ठोसेघरच्या बाजूचा एक मुलगा रोज उशिरा यायचा आणि पहिला तास वर्गाबाहेर ओणवा काढायचा. नववीला नवे वर्गशिक्षक आले. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला दारात थांबवलं आणि म्हणाले, ‘बोल, तुझं काय म्हणणं आहे?’

पोरगं गप्प. असं कुणी विचारेल हे त्याच्या गावीही नव्हतं. मग म्हणालं, ‘सर, बोरणे घाटात धुकं असलं की एसटी खालीच येत नाही. पायी निघालो तर दुपार होते.’

सर दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन कंट्रोलरकडून गाडीची वेळ लिहून घेऊन आले. त्या आठवड्यापासून गाडीच्या पोरांची हजेरी दुसऱ्या तासाला घेतली जाऊ लागली.