दुसऱ्या नंबरचा डोंगर

"वर काय आहे?" हा आईचा ठरलेला प्रश्न. शनिवारी सकाळी डोंगराला निघताना जर्मनीतल्या मानहाइमच्या स्टेशनावरून फोन केला की ती आधी डबा घेतलास का म्हणून विचारते, आणि मग हे. देऊळ आहे का, किल्ला आहे का, निदान पाण्याचं टाकं तरी? मी म्हणते, "झाडं आहेत." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "झाडं खाली नाहीत का?"

तिचं काही चुकत नाही. आम्ही संगमनेरची माणसं. आमच्याकडे डोंगर म्हणजे कळसूबाई. १६४६ मीटर चढून जायचं, शेवटच्या शिड्यांवर जीव मुठीत धरायचा आणि वर देवीपुढे नारळ फोडायचा. नाहीतर मग गड. तिथे दरवाजा, तटबंदी, टाकं, कुणीतरी रोवलेला भगवा आणि पिठलं-भाकरी विकणारी मावशी. शिवाय आपल्याकडे झाडी असते ती दरीत, घळीत, डोंगराच्या पदराला, माथा बोडकाच. म्हणून तर वर पोचलं की चहूकडे दिसतं आणि जो तो समोरचे सुळके बोटाने ओळखून दाखवायला लागतो. त्यात निम्मी नावं चुकतात, पण कुणी बोलत नाही.

जर्मनीत आल्यावर पहिल्या वर्षी मीही दिसणारेच डोंगर शोधले. मानहाइमहून पश्चिमेला पाहिलं की ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्याच्या कडेला एक निळसर भिंत उभी दिसते. तो फाल्त्सचा डोंगराळ भाग. त्याच्या मागे फाल्त्सरवाल्ड, सुमारे १८०० चौरस किलोमीटरचं निसर्ग उद्यान. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाटक, तिकीटखिडकी आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी येते. इथे यातलं काही नाही. जर्मनीत अशी शंभराहून अधिक निसर्ग उद्यानं आहेत, आणि त्यांच्या पोटात माणसं राहतात, लाकूडतोड होते, शिकारही होते. वाटेत अंगावर रंगाने आकडे लिहिलेल्या ओंडक्यांच्या राशी लागतात, झाडाला टेकवलेली मचाणं दिसतात. रानात फिरायला कुणाची परवानगी लागत नाही. फिरण्याचा, विसावण्याचा हा हक्क १९७५च्या वनकायद्यातच लिहून ठेवला आहे. कायद्यात विसावा हा शब्द असू शकतो, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

या रानातला सगळ्यात उंच डोंगर काल्मिट, ६७२.६ मीटर. त्या दशांशाकडे नीट बघा. जर्मन माणूस तो गाळत नाही. काल्मिटवर मी पहिल्याच महिन्यात गेले. वर मनोरा, खाण्यापिण्याची सोय, खालचं खोरं पार लांबपर्यंत. पण जवळजवळ वरपर्यंत डांबरी रस्ताही जातो, त्यामुळे मोटरसायकलींची रांग, सायकलवाले, कुत्रेवाले, बाबागाड्या. रविवारचा सिंहगडच, फक्त कांदाभजी नाही.

परतीच्या वाटेवर नकाशात केसलबेर्ग दिसला. ६६१.८ मीटर. म्हणजे जेमतेम ११ मीटरने दुसरा आलेला. मी स्वतः शाळेत कायम दुसरी यायचे. पहिल्या येणाऱ्या मुलीचं नाव सगळ्या गावाला पाठ असायचं आणि मला बाई "तू ती... कुलकर्ण्यांची ना?" म्हणायच्या. आणि मी कुलकर्ण्यांची नव्हतेही. तर त्या डोंगराविषयी आपुलकी वाटायला तेवढं पुरलं.

केसलबेर्गसाठी एडनकोबन या गावी गाडीतून उतरायचं आणि द्राक्षमळ्यांतून रानाकडे चालू लागायचं. मळे संपतात तिथेच चढ सुरू होतो आणि रानही तिथेच सुरू होतं, जणू कुणी फूटपट्टीने रेघ मारली आहे. रेघ मारली ती दगडाने. डोंगर लाल वाळूच्या दगडाचे, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्यापुढे पोरसवदा, साडेसहा कोटींचा. या दगडाची झीज होऊन जी माती होते ती रेताड, निकस. तिच्यात शेती पिकेना, म्हणून माणसं खाली राहिली आणि रान वर टिकलं. माती चांगली असती तर आज इथे बटाटे असते.

रानाच्या कडेला गोड चेस्टनटची झाडं आहेत. ती रोमन लोकांनी आणली असं सांगतात. ऑक्टोबरात वाटेवर धोतऱ्याच्या बोंडासारखी काटेरी फळं पडलेली असतात, आणि एरवी शिस्तीत चालणारे आजी-आजोबा पिशव्या घेऊन ओणवे झालेले दिसतात. मी पण होते. घरी आणून कुकरला लावते, दोन शिट्ट्या.

पुढे बीच आणि ओकची झाडं, अधूनमधून पाइन. वाट चुकत नाही, कारण खोडांवर रंगीत पट्टे असतात. हे पट्टे रंगवणारी मंडळी फाल्त्सरवाल्ड-फेराइन या १९०२ सालच्या संस्थेची. मधेच झाडीत एखादा कोरलेला दगड भेटतो. त्याला रिटरश्टाइन म्हणतात. नाव ऐकून मला वाटलं होतं सरदार-बिरदारांचे असतील, कारण जर्मनमध्ये रिटर म्हणजे सरदार. पण ते नाव संस्थेच्या पहिल्या अध्यक्षांचं, कार्ल आल्ब्रेख्त फोन रिटर या वनाधिकाऱ्यांचं. असे तीनशेहून जास्त दगड रानभर आहेत आणि त्यांवर काय काय लिहिलेलं असतं! इथे एक वस्ती होती. इथे वनरक्षकाचं घर होतं. इथून हद्द जायची. शेजारच्या श्टायगरकोफ डोंगरावर १७९४ साली प्रशियन आणि फ्रेंच फौजा लढल्या. तिथे आता बीचची पानं पडलेली आहेत. गेलेल्या गोष्टींच्या पाट्या लावण्यासाठी इतका खटाटोप करणारे लोक मला फार आवडतात.

आणि मग माथा. खरं सांगायचं तर तो आला हे फोनमधला नकाशा सांगतो म्हणून कळतं. चढ हळूहळू सपाट होतो, एवढंच. समोर झाडं, मागे झाडं, वर झाडं. त्यांच्या फटीतून कुठेतरी पांढुरकं आकाश. ऱ्हाइनचं खोरं, मानहाइमची धुराडी, सगळं तिकडेच आहे, पण दिसत काही नाही. पहिल्यांदा मी चक्क फसवल्यासारखी झाले. डोंगराला गोल फेरी मारून पाहिली, कुठून तरी दिसेल म्हणून. फोटो काढला, तो बघून मैत्रिणीने विचारलं, "निघालीस का मग?"

पण मग भूक लागली म्हणून एका आडव्या खोडावर बसले आणि डबा उघडला. मेथीचे ठेपले. दिसायला काही नाही म्हटल्यावर डोळे स्वस्थ बसले आणि कान कामाला लागले. लांबवर सुतारपक्षी ठोकत होता. एक पान पडलं, आणि ते पडल्याचा आवाज झाला. आजोळच्या देवराईत असं व्हायचं. तिथे आजी आम्हाला बोलू द्यायची नाही, काटकीसुद्धा उचलू द्यायची नाही. इथे देव नाही, दरारा नाही, तरी मी ठेपला हळूच चावला. मध्यंतरी या रानात लिंक्स, म्हणजे आखूड शेपटीची मोठी रानमांजरं, आणून सोडले, वीस. त्यातला एखादा मला बघत असेल तर त्याने तसं कळू दिलं नाही. रानडुकरांनी उकरलेली माती मात्र ताजी होती, म्हणून डबा जरा लवकर बंद केला. (घरी गेल्यावर गोचीड बघायची, गुडघ्यामागे आणि कमरेला. कितीही उदात्त वाटलेलं असो, हे विसरायचं नाही.)

तेव्हापासून मला असे माथे शोधायची खोड लागली. नवरा म्हणतो, लोक उंची बघून डोंगर निवडतात, तू गैरसोय बघून निवडतेस. त्यात भर म्हणजे बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, त्यामुळे आईला "पोचले" हे सांगता येत नाही आणि संध्याकाळी बोलणी बसतात.

गेल्या वर्षी आई स्वतःच आली. चौसष्ट वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. जावयाने दरीतल्या पार्किंगपर्यंत गाडीने सोडलं आणि तिथून आम्ही दोघी निघालो. तिच्या पायांत माझे जुने बूट, अंगावर पंजाबी ड्रेस, वर स्वेटर. समोरून येणारा प्रत्येक जण "मोर्शे" म्हणत होता. तिला वाटलं विचारताहेत काही. सुप्रभात म्हणतात असं सांगितल्यावर तीही "मोर्शे, मोर्शे" करत निघाली, दुपारी दोन वाजेपर्यंत.

माथ्यावर पोचल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं.

"हाच?"

"हाच."

"बरं," म्हणाली आणि खोडावर बसली. पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू निघाले. एरवी ती दोन मिनिटं गप्प बसत नाही. फोनवर तर संगमनेरच्या सगळ्या लग्नांचा हिशेब असतो. त्या दिवशी किती वेळ गेला मी मोजलं नाही. ती वर बघत होती. शेवटी म्हणाली, "वारा इथे नाही, वरच्या वर चाललाय." मी वर पाहिलं. खरंच शेंडे हलत होते आणि खाली एक पान हलत नव्हतं. इतक्या वेळा येऊन माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

उतरून झऱ्याजवळच्या ह्युटवर आलो. ह्युट म्हणजे रानातलं खाणावळवजा घर. अशी बरीच घरं फेराइनचीच मंडळी पाळीपाळीने, बिनपगारी चालवतात. खिडकीतून आपलं आपण घ्यायचं, ताट आपणच परत ठेवायचं आणि जिथे जागा असेल तिथे अनोळखी माणसांत घुसून बसायचं. या पद्धतीची २०२१ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. आईसाठी बटाट्याचं सूप आणि वायसर केज, म्हणजे पांढरं चीज, घेतलं. केज बघताच ती म्हणाली, "अगं, हा तर चक्का! यात कांदा का घातलाय?" साखर मागू का, यावर आमचं थोडं झालं.

समोरच्या आजोबांनी विचारलं, कुठून आलात. केसलबेर्गवरून, म्हटलं. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणाले, "तिथे काय आहे?"

आईने माझा दंड धरला. "काय म्हणतायत?"

सांगितलं.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "झाडं आहेत."

मी सांगितलं. आजोबा मोठ्याने हसले आणि आपला पेला आईकडे सरकवला. अर्ध्या लिटरचा, बाहेरून बोटांएवढे खळगे असलेला, इथला खास. तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरवायची रीत आहे. आईने पेल्यात डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय आहे यात?"

"द्राक्षाचा रस. सोडा घालून."

"ते असू दे," ती हळूच म्हणाली, "पण उष्टा आहे ना गं?"