‘दोघं न्हाईत रं, एकच हाय’

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा फोन आला तेव्हा मी शिरोलीत फाउंड्रीवर होतो. ओतकाम चालू होतं, अर्धं ऐकूच आलं नाही. पण ‘शाळा’ एवढं कानावर पडलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आमचे चित्रकलेचे सर. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. त्यांनीही खूप शिकवलं, छड्याही मनापासून मारल्या.

१९७७ चा जुलै. मी नववीत. पावसाची झड लागली होती, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं म्हणून शाळा दुपारीच सोडली. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसलेले आम्ही चौघं तेवढे वस्तुचित्र काढत मागं राहिलो. तांब्या, दोन वांगी, मागं चुण्या पाडलेलं कापड. सरांनी कपाटातून स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर काढला आणि चोरबाजारातून आणलेली एक एल.पी. लावली. सुई सारखी घसरायची. सरांनी तिच्या दांडीवर दहा पैसे ठेवले, पण ते अ‍ॅल्युमिनियमचं नाणं हलकं पडलं. ‘‘चार आणे हायत का कुणाकडं?’’ माझ्याकडं होते, वड्यासाठी ठेवलेले. (ते परत मिळाले नाहीत, हे या निमित्तानं नोंदवून ठेवतो.)

मग पियानो सुरू झाला. मी गल्लीतल्या भजनात पेटी वाजवायचो. पेटीत डावा हात भात्याला गेला की वाजवायला उरतो एकच. इथं वरून सुरांची सर कोसळत होती आणि खाली भलताच कुणीतरी ठेका धरून पळत सुटला होता. मी विचारलं, ‘‘सर, दोघं वाजवाय लागल्यात काय?’’

‘‘दोघं न्हाईत रं, एकच हाय. आन् त्याला धड दिसत बी न्हाई.’’

तो जॅझ पियानोवादक आर्ट टेटम. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो गावचा, जन्म १९०९ चा. एका डोळ्यानं दिसत नसे, दुसऱ्यानं पुसटसं. ऐकत होतो ते ‘टायगर रॅग’, १९३३ साली ध्वनिमुद्रित केलेलं. सरांनी तांब्या बाजूला सारला आणि टेबलावर डाव्या हाताची चाल करून दाखवली. खाली खर्जात एक सूर, लगेच उडी मारून मधल्या सप्तकात तीन-चार सूर एकदम, पुन्हा खाली. ‘‘ह्यो हात तबलजी. उजवा गवई.’’ त्या दिवशी माझी वांगी अर्धीच रंगली.

अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात पोरांना असली विंग्रजी गाणी ऐकवतात, अशी कुणीतरी कुरकुर केली होती. सर म्हणाले, ‘‘खाँसाहेबांची तान ज्याच्या कानात हाय, त्यालाच ह्याची कळंल.’’

चित्रकला मला आली नाही. फाउंड्रीत आज चाळीस माणसं आहेत, साच्यांची ड्रॉइंग दुसरेच काढतात. पण टेटम सुटला नाही. आधी कॅसेट, मग सीडी. अवघ्या ४७ व्या वर्षी, १९५६ मध्ये तो गेला, हे कळलं तेव्हा मी नेमका सत्तेचाळीसचा होतो.

मुलगी कॅनडात असते. २०१२ मध्ये तिच्याकडं गेलो, तेव्हा ओटावात जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनचा पुतळा पाहिला. पियानोपुढच्या बाकावर तो बसलाय, शेजारी आपल्याला बसायला जागा. या पीटरसनलाही लहानपणी वडिलांनी टेटमची हीच ‘टायगर रॅग’ ऐकवली होती, आणि त्यालाही वाटलं होतं की दोन माणसं वाजवताहेत. पुढं कित्येक दिवस त्यानं पियानोला हात लावला नाही म्हणे. मी त्या बाकावर बराच वेळ बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, लोक थांबलेत फोटोसाठी.

आता चित्रकलेच्या वर्गात संगणक आहेत. असोत. पण खिडक्यांना काळ्या काचा कशाला लावल्या? उत्तरेकडचा तो उजेड सरांनी भांडून मिळवला होता.

कॅनडाहून परत आल्यावर त्या पुतळ्याचा फोटो घेऊन सरांकडं गेलो. त्यांना ऐकू फारच कमी यायचं. मी कानाशी ओरडून पीटरसनची गोष्ट सांगितली. किती पोचली कोण जाणे. सरांनी फोटो गुडघ्यावर ठेवला आणि डावा हात खाटेच्या कडेवर टेकवला. खाली, वर. खाली, वर.